खड्डा पाहिल्याशिवाय

१९ जानेवारी

बाबा,

हे पत्र मातीविषयी आहे. बाकीच्या विषयांवर आपलं दोघांचंही पुरेसं मौन पाळून झालं आहे.

हिमचंप्याचं पिंप तडकलं. तुम्ही कामावरच्या बागेतल्या झाडाच्या फांदीला गुटी बांधून मुळं फोडलीत आणि ते रोप घरी आणून अर्ध्या पिंपात लावलंत, ते. पिंपाला वरपासून खालपर्यंत चीर गेली आहे आणि चिरेतून बोटाएवढं जाड मूळ बाहेर आलं आहे. झाडाचा शेंडा स्वयंपाकघराच्या खिडकीच्या वर गेला आहे, पण नवी पानं लहान येतात. दुसरं पिंप आणून भागणार नाही. जमिनीतच लावावं लागेल, आणि ऊन तापायच्या आत.

मी आईला म्हटलं, "येत्या रविवारी लावून टाकू."

ती म्हणाली, "ज्यांनी आणलंय ते लावतील."

"ते आत्याकडे आहेत, आई. वर्ष होऊन गेलं."

"मला कॅलेंडर वाचता येतं," ती म्हणाली आणि गॅस मोठा केला.

अंगणात तीन जागा शक्य आहेत. तिन्हींची माती काचेच्या बरण्यांत पाण्याबरोबर हलवून ठेवली. तळाला रेती, मध्ये गाळ, वर चिकणमाती. तिन्ही बरण्यांत चिकणमातीचा थर सगळ्यात जाड आहे. कुंपणाच्या भिंतीलगत गिलाव्याचा चुना उतरलेला आहे, मातीचा सामू (पीएच) फार जास्त. हिमचंप्याला आंबटसर माती लागते. तिथे त्याची पानं पिवळी पडतील आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतील. टाकीजवळची जागा कायम ओली असते, कारण टाकी गळते आणि ती तुम्ही दुरुस्त करणार होतात. तिसरी जागा स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. सामू ठीक, ऊन सकाळचं, निचऱ्याची खात्री नाही. आईला तीच हवी आहे. तुमचं मत कळवा.

आणखी एक माहिती. मला दुसऱ्या शहरातल्या माती प्रयोगशाळेत जागा मिळाली आहे, एप्रिलपासून. इथून ये-जा होण्यासारखी नाही. मी गेले तर आई एकटी राहील. जिना उतरताना ती आता दोन्ही हातांनी कठडा धरते. हे तिनं तुम्हाला फोनवर सांगितलं नसणार, कारण तुम्ही दोघं फोनवर बोलत नाही. तुम्ही परत आलात तर मी जाईन. नाही आलात तर जाणार नाही. हे दडपण म्हणून लिहीत नाही. तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिते.

अहवालाबद्दल एकदाच लिहिते. बागेच्या मुख्य दाराजवळची झाडांची रांग का मेली, हे बागेनं आमच्या इथल्या प्रयोगशाळेला विचारलं आणि काम माझ्याकडे आलं. मुख्य माळी तुम्ही होतात. झाडं लावण्याची पद्धत तुमची होती आणि झाडं पद्धतीमुळे मेली. अहवाल देण्याआधी मी हे सगळं तुम्हाला जेवणाच्या टेबलावर सांगितलं होतं. तुम्ही हसलात. "मास्तरीणबाई, तू ज्या मातीच्या पुड्या बांधतेस ना, त्या मातीवर मी तुला वाढवलंय," असं म्हणालात. मी तेच लिहूनही देईन असं तुम्हाला वाटलं नव्हतं. मी लिहून दिलं, तुम्ही राजीनामा दिलात आणि आत्याच्या रोपवाटिकेत निघून गेलात. त्या अहवालातला एकही शब्द मी बदलणार नाही.

जागा कुठली, एवढंच कळवा.

— मी


२ फेब्रुवारी

बाबा,

तुमचं उत्तर पोहोचलं. म्हणजे पोतं पोहोचलं.

आत्याच्या टेम्पोवाल्यानं ते फाटकाशी उतरवलं. "साहेबांनी सांगितलंय, खड्ड्यात हीच माती भरा. बाकी एक अक्षर बोलायचं नाही म्हणालेत, म्हणून मी काही बोलत नाही," असं म्हणून तो ओट्यावर बसला आणि चहा संपेपर्यंत बोलत राहिला. त्याच्याकडून कळलं ते असं: तुम्ही बारीक झाला आहात. गिऱ्हाइकांवर ओरडता. मागच्या आठवड्यात एका बाईंना गुलाबाचं रोप विकायलाच नकार दिलात. "तुमच्याकडे हे मरेल," असं तोंडावर सांगितलंत.

"मग वन्सं काय म्हणाल्या?" आईनं विचारलं.

"त्या म्हणाल्या, असा भाऊ दुकानात बसवण्यापेक्षा दुकानाला कुलूप लावलेलं बरं."

आई हसली. बऱ्याच दिवसांनी. मग तो गेल्यावर तिनं पोत्याचं तोंड सोडलं, मूठभर माती घेतली आणि वास घेतला. कुजलेलं शेणखत, पालापाचोळ्याचं खत, रेती, चाळलेला पोयटा. मी न तपासताही सांगू शकते.

"हीच," ती म्हणाली. "टाक खड्ड्यात."

"नाही टाकणार."

"एक पोतं माती गं! त्यात काय एवढं अडलंय तुझं?"

"माझं नाही, झाडाचं अडतं. भोवतीची माती चिकण आणि मध्येच ही भुसभुशीत. पाणी हिच्यात शिरेल आणि तिथंच साचेल. मुळांना इथं सगळं आयतं मिळेल, मग ती चिकणमातीत घुसतील कशाला? खड्ड्यातल्या खड्ड्यात गोल फिरत बसतील. बागेतली झाडं अशीच गेली. ती कुंडीतच होती. कुंडी तेवढी जमिनीत होती."

आईनं पोत्याचं तोंड पुन्हा बांधलं. मग म्हणाली, "पहिली दोन वर्षं काय दिसायची ती झाडं."

"हो."

"लोक मुद्दाम वाट वाकडी करून बघायला यायचे."

"हो, आई."

पोतं मी वाया घालवणार नाही. खड्ड्यातून निघालेली मातीच परत खड्ड्यात जाईल आणि तुमची माती वर आच्छादन म्हणून पसरेन, खोडाला चिकटू न देता. गांडुळं आणि पाणी ती हळूहळू खाली नेतील. ही तडजोड नाही, हीच योग्य पद्धत आहे. तडजोड असती तर तसं लिहिलं असतं.

खिडकीसमोर चाचणीसाठी छोटा खड्डा घेतला आणि काठोकाठ पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी दुपारीही पाणी तिथंच होतं आणि त्यात एक बेडूक येऊन बसला होता. आई म्हणाली, "घ्या, भाडेकरू मिळाला."

निचरा नाही. कारण शोधते आहे.

— मी


११ फेब्रुवारी

बाबा,

कारण सापडलं. त्याआधी आईचा निरोप, कारण तिनं तो शब्दशः लिहायला सांगितला आहे.

मी तुम्हाला काय लिहिलं हे तिनं विचारलं. मी सांगितलं, नोकरीचंही आणि कठड्याचंही. ती भांडी विसळत होती. तिनं नळ बंद केला.

"म्हणजे मला कुणाच्या तरी हवाली करून जायचंय, म्हणून हे झाडाचं उकरून काढलंस होय?"

"पिंप खरंच तडकलंय, आई."

"पिंप तडकलंय ते मला दिसतंय. मी विचारतेय ते वेगळंच. मी आजारी म्हातारी आहे का? माझ्यासाठी माणूस शोधतेयस?"

"माणूस शोधत नाहीये. आहे तो परत बोलावतेय."

"तुला कुणी सांगितलं बोलवायला? मी सांगितलं? गेले ते स्वतःच्या पायांनी गेले. फाटकाची कडीसुद्धा नीट लावून गेले, इतकं शांत डोकं होतं." मग तिनं हात पुसले आणि म्हणाली, "लिही त्यांना. झाडासाठी यायचं तर या. माझ्या गुडघ्यांसाठी येऊ नका."

लिहिलं.

आता कारण. खिडकीसमोरचा खड्डा मोठा करायला घेतला. कोपरभर खोल गेल्यावर पहार ठणकन वाजली. दगड असेल म्हणून बाजूला मारली, तिथंही वाजली. आई खिडकीतून बघत होती. तिनं आतूनच सांगितलं, "दगड नाही तो. घर बांधलं तेव्हाचा उरलेला कोबा आणि विटांचे तुकडे. तुझ्या बाबांनीच पसरलं सगळं. वर माती ओढली आणि पायांनी दाबली."

"त्यांनी?"

"'अंगण आहे, शेत थोडंच आहे,' म्हणाले. रोज दुसऱ्याच्या जमिनीत कंबर मोडून यायचे. घरची जमीन उकरायला जीव कुठून आणणार?"

हे मला माहीत नव्हतं. टोमणा म्हणून लिहीत नाही. मी तो थर पाहिला, हाताळला. सिमेंट घट्ट बसलं आहे, पण पातळ आहे. काही ठिकाणी चार बोटं, काही ठिकाणी बोटभर. दोन मार्ग दिसतात. एक, थर जिथे संपतो तिथे झाड सरकवायचं. दोन, थर फोडायचा आणि वर मातीचा उंचवटा करून त्यावर लावायचं, म्हणजे साचणारं पाणी मुळांच्या खाली राहील. थर कुठून कुठवर आहे हे कळल्याशिवाय मला ठरवता येत नाही. सगळं अंगण उकरणं शक्य नाही. ते माहीत असलेला माणूस एकच आहे.

नव्या प्रयोगशाळेला मी अजून होकार दिलेला नाही. त्यांनी महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं आहे. कारण विचारलं, तर "घरगुती तांत्रिक अडचण" असं सांगितलं.

— मी


२० फेब्रुवारी

बाबा,

आज आत्याचा फोन आला. तुम्ही दुकानात असताना केला, असं म्हणाली. हे पत्र तुमच्या हाती पडेल तेव्हा तिला रागावू नका.

ती म्हणाली, "अगं, तुझ्या पत्रांनी माझ्या घरात जीव नकोसा केलाय. वाचतो, घडी घालतो, पुन्हा उघडतो. काय लिहिलंय विचारलं, तर म्हणतो, माती."

"येणार आहेत का?"

"म्हणतो, खड्डा पाहिल्याशिवाय मी काही बोलणार नाही."

"म्हणजे येणार."

"ते तुझं तू समज बाई. तुम्हा बापलेकीचं बोलणं मला पहिल्यापासून कळत नाही. एक तोंडात माती धरून बसतो आणि दुसरी तिचा सामू काढते."

खड्डा उघडा ठेवला आहे. वर फळ्या टाकल्या आहेत, नाहीतर आई कपडे वाळत घालताना पडायची. मागचं फाटक आता आतून बंद नसतं.

— मी


२६ फेब्रुवारी

बाबा,

तुम्ही काल आलात, दिवसभर होतात आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेलात. जे तुमच्यासमोर घडलं ते तुम्हालाच का लिहायचं, असं वाटेल. एकाच नमुन्याच्या दोन नोंदी वेगवेगळ्या माणसांनी घेतल्या, तर त्या जुळवून पाहायच्या असतात, म्हणून.

माझी नोंद अशी. तुम्ही मागच्या फाटकानं आलात. घरात न जाता, चांगले बूट घालूनच खड्ड्यात उतरलात. खाली बसून थरावर हात फिरवलात. मग वर येऊन अंगणात टाचेनं रेघ ओढत गेलात, भिंतीपासून खिडकीच्या कोपऱ्यापर्यंत, आणि म्हणालात, "इथवर आहे. पुढे नाही." मी पुढे पहार मारून पाहिली. नव्हता. झाड हातभर सरकवलं तर अर्धं थराच्या बाहेर जात होतं. उरलेला थर आपण आळीपाळीनं फोडला.

आईनं आतून कुणालाच उद्देशून नाही असं म्हटलं, "चहा ठेवतेय."

तुम्ही विचारलंत, "दोनच कप ना?"

"मला मोजता येतं," आई म्हणाली. तीन आले.

मग तुम्ही पिंप कापलंत. आत मातीपेक्षा मुळंच जास्त होती. पिंपाच्या आकाराची, एकावर एक वेटोळी. तुम्ही नळी धरलीत आणि माती धुऊ लागलात. मध्येच तुमचा हात थांबला. पाणी तुमच्या बुटांवर पडत राहिलं.

"बागेतली अशीच होती?" तुम्ही विचारलंत.

"अशीच. खड्ड्याच्या आकाराची."

"मी पाहिली नाहीत."

"ती उपटली त्या दिवशी मी तुम्हाला बोलावलं होतं."

तुम्ही नळी बाजूला ठेवलीत. मग म्हणालात, "हो. बोलावलं होतंस. मीच आलो नाही."

इथे आपल्या नोंदी जुळतात का, मला माहीत नाही. त्या वाक्यानंतर मी खाली बसून मुळं सोडवायला लागले. याचा अर्थ मी ते ऐकलं नाही असा घेऊ नका.

मुळं सुटतील तेवढी बोटांनी सोडवली. खोडाला आवळून बसलेलं एकच मूळ कापावं लागलं. ते तुम्ही कापलंत. हिमचंप्याला मुळं तोडलेली सोसत नाहीत, हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे, आणि तरी तुमचा हात स्थिर होता. खड्ड्याच्या गुळगुळीत कडा तुम्ही पहारीनं ओरबाडल्यात, मुळांना शिरायला जागा व्हावी म्हणून. मी सांगितलं नव्हतं. मग निघालेलीच माती परत घातली, उंचवटा केला आणि तुम्ही ते पोतं खांद्यावर घेऊन आलात.

"ही कुठे टाकू?" तुम्ही विचारलंत.

"वर. खोडापासून वीतभर लांब."

तुम्ही ती पसरलीत, हातानंच. मग हात धुतलेत आणि "गाडीची वेळ झाली" म्हणालात. आई बाहेर आली नाही. मी फाटकापर्यंतही आले नाही.

तुम्ही गेल्यावर मी आईला म्हटलं, "थांबा म्हणायला काय झालं होतं तुला?"

"तू म्हणालीस?"

"नाही."

"मग झालं तर."

म्हणून आता लिहिते. तुम्ही परत या. झाड पाहायला नाही, राहायला.

नव्या प्रयोगशाळेला मी आज सकाळी होकार कळवला. तुमचं उत्तर यायच्या आधी. पुरावा हाती नसताना निष्कर्ष लिहिण्याची मला सवय नाही, हे तुम्ही जाणता.

— मी


१९ एप्रिल

बाबा,

आयुष्यात पहिल्यांदा तुमचं पत्र आलं. इथल्या वसतिगृहाच्या रखवालदारानं दिलं. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून आपल्या घराचा पत्ता आहे. तो मी आधी वाचला, मग पत्र.

तुम्ही लिहिता, झाडाची पानं गळताहेत. खालच्या अर्ध्या फांद्या उघड्या पडल्या. काय करू?

पाणी वाढवू नका. आपली माती वरून कोरडी दिसते आणि आत ओली असते. आच्छादन बाजूला करून बोट पहिल्या पेरापर्यंत खुपसा. ओल लागली तर पाणी नको. खत अजिबात नको. तुमचा हात कोपऱ्यातल्या उरलेल्या मातीच्या पोत्याकडे जाईल, तो जाऊ देऊ नका. एका फांदीची साल नखानं किंचित खरवडा. खाली हिरवं असेल तर फांदी जिवंत आहे. तपकिरी आणि सुकं असेल तर आणखी खाली खरवडून बघा. जुनी पानं गळाली तर काळजी नाही. शेंड्याची कोवळी पानं काळी पडली तर मला लगेच कळवा.

तरीही झाड जगेल की नाही, हे मला सांगता येत नाही. ते फार वर्षं पिंपात राहिलं आणि ते एक मूळ कापावं लागलं. आपण जे केलं ते बरोबर केलं. बरोबर करूनही झाडं मरतात.

काल आईशी फोनवर बोलले. ती म्हणाली की तुम्ही आलात, पण बॅग रिकामी केलेली नाही. खाटेखाली आहे. लागेल तो शर्ट तिच्यातून काढता आणि धुऊन पुन्हा तिच्यातच ठेवता. रोज सकाळी आधी झाडापाशी जाता, मग चहाला येता, आणि ज्या दिवशी जास्त पानं गळलेली असतात त्या दिवशी जेवत नाही.

मी म्हटलं, "त्यांना वाटतं, झाड गेलं तर त्यांचं तिथं काही काम उरणार नाही."

आई म्हणाली, "वेडे आहेत. ते लाकूड राहिलं काय, गेलं काय. सकाळी स्वयंपाकघरात दुसऱ्या माणसाचा खोकला ऐकू येतो, तेवढं मला पुरे आहे."

"हे तू त्यांना सांगितलंस?"

"मी कशाला सांगू?"

ती सांगणार नाही. तुम्ही विचारणार नाही. म्हणून मी लिहिते आहे.

झाड मेलं तर तो खड्डा तसाच राहू द्या. थर फुटला आहे, माती मोकळी आहे, दुसरं काही लावता येईल. बॅग रिकामी करा.

— तुमची मुलगी